वडा तलावातला पावागड

पावागड हा एकटा उभा असलेला डोंगर आहे. बडोद्याच्या ईशान्येला, पंचमहालच्या सपाट शेतजमिनीतून तो एकदम उठतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर जाऊन थांबतो. आसपास त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही, त्यामुळे त्याची कडा आकाशावर स्वच्छ उमटते. दख्खनच्या लाव्हाचाच हा उत्तरेकडचा भाग. मात्र बेसाल्टच्या थरांवर इथे वरच्या अंगाला रायोलाइट नावाचा फिकट, तांबूस छटेचा खडक आहे. सह्याद्रीचा काळा कातळ पहाटेचा उजेड गिळून टाकतो, तर हा खडक तो परत देतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

डोंगराच्या पायथ्याशी ईशान्येला चांपानेर आहे. महमूद बेगडाने १४८४ मध्ये पावागड जिंकला आणि खाली आपली राजधानी वसवली. पुढे हा मुलूख शिंद्यांकडे आला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांकडे गेला. २००४ पासून चांपानेर-पावागड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या शहराच्या पूर्वेला वडा तलाव हे मोठे, पसरट तळे आहे. काठावर कबूतरखाना नावाची जुनी इमारत आणि जवळच खजुरी मशीद आहे. बडोद्याहून इथवरचे अंतर पन्नासेक किलोमीटरचे, म्हणजे घरून पहाटे निघून तांबडे फुटायच्या आत काठावर पोचता येते. धुक्याच्या पहाटे पावागड पाण्यात टिपायचा असेल तर त्याला इतकी सोयीची दुसरी जागा नाही.

सोय केवळ रस्त्याची नाही, दिशेची आहे. तळ्याच्या पूर्वेकडच्या काठावर उभे राहिले की पावागडाचे शिखर साधारण पश्चिम-नैर्ऋत्येला येते, आणि सूर्य पाठीमागून उगवतो. सूर्योदयाचे चित्र म्हटले की बहुतेकांच्या मनात सूर्यबिंब चौकटीतच असते. पण प्रतिबिंबाच्या चित्रात सूर्य समोर नसलेलाच बरा. तो समोर असेल तर डोंगर नुसता काळा होतो, आणि पाण्यात उतरते ती आकाशाची झगझग. सूर्य पाठीशी असला की उजेड थेट कड्यांवर पडतो आणि तोच पाण्यात उतरतो.

पाठीशी म्हणजे नेमका कुठे, हे ऋतूवर ठरते. बडोद्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, जूनच्या अखेरीस तेवढाच उत्तरेकडे. तळ्याच्या पूर्व काठावर पावागडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला जूनचा सूर्य जवळजवळ बरोबर पाठीमागे येतो. त्या उजेडात डोंगर चपटा दिसतो, कारण ज्या सावल्यांनी घळी आणि कडे वेगळे कळतात त्या सावल्या डोंगराच्या मागे दडतात. डिसेंबर-जानेवारीचा सूर्य मात्र डाव्या खांद्याच्या किंचित मागून येतो. डोंगराच्या डाव्या उतारांवर ऊन, उजव्या घळींमध्ये निळसर सावली, आणि मधल्या प्रत्येक सोंडेला उठाव. धुकेही याच दिवसांत पडते, हा एक चांगला योगायोग.

धुके पडते कसे

तळ्यावर दिसणारे सगळे पांढरे एकाच जातीचे नसते. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिला लागून असलेली हवा थंड होत जाते, आणि दवबिंदूपर्यंत उतरली की हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. हे जमिनीवरचे धुके. ओलिताखालच्या शेतांवर ते लवकर धरते, कारण तिथल्या हवेत ओल जास्त. तळ्यावरची प्रक्रिया वेगळी आहे. पाणी दिवसाची ऊब सहजासहजी सोडत नाही; पहाटे ते वरच्या हवेपेक्षा गरम असते. त्यातून उठणारी उबदार, दमट हवा वरच्या गार हवेत मिसळते आणि त्या मिश्रणात बाष्प मावेनासे होऊन त्याची वाफ दिसू लागते. पाण्यावरून सरपटणाऱ्या, कुठे विरळ तर कुठे वळसे घेणाऱ्या ज्या पट्ट्या दिसतात त्या या दुसऱ्या प्रकारच्या. छायाचित्राला त्याच हव्या असतात.

हवामानशास्त्रात एक किलोमीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले तरच त्याला धुके म्हणतात. ही व्याख्या इथे उपयोगी पडते, कारण वडा तलावाच्या काठापासून पावागडाचे शिखर साधारण पाच किलोमीटरवर आहे. म्हणजे सगळीकडे उंचापर्यंत दाटलेले खरे धुके असेल तर समोर डोंगर नसतोच, नुसता पांढरा पडदा असतो. चित्राला हवे असते उथळ धुके, चारपाच मीटर जाडीचे, पाण्याला चिकटून राहिलेले.

अशा उथळ थरातून शिखर स्वच्छ दिसते आणि पायथा मात्र पुसला जातो. त्याचे कारण साधी भूमिती आहे. शिखराकडून येणारा किरण सुमारे सात अंशांच्या कोनाने खाली उतरतो. पाच मीटर जाडीच्या थरातून त्याला जेमतेम चाळीस मीटर वाट काढावी लागते. पायथ्याकडून येणारा किरण जवळजवळ आडवा येतो आणि तळ्याच्या सगळ्या रुंदीभर धुक्यातूनच प्रवास करतो. म्हणून डोंगर जमिनीपासून सुटून वर तरंगल्यासारखा दिसतो. प्रतिबिंबाची गत आणखी बिकट असते. तिथे किरणाला धुके दोनदा ओलांडावे लागते, एकदा पाण्याकडे येताना आणि पाण्यावरून उसळून कॅमेऱ्याकडे जाताना पुन्हा. धुक्याच्या सकाळी पाण्यातला डोंगर वरच्यापेक्षा नेहमी मवाळ दिसतो तो यामुळे. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही.

उद्या धुके पडेल का, याचा अंदाज आदल्या संध्याकाळी बांधता येतो. आकाश निरभ्र हवे, वारा पडलेला हवा, आणि रात्रीचे किमान तापमान दवबिंदूच्या जवळ जाणारे हवे. मोबाइलवरच्या बहुतेक हवामान ॲपमध्ये हे दोन्ही आकडे मिळतात. त्यांच्यात एखाद-दोन अंशांचाच फरक उरणार असेल तर गजर लावायला हरकत नाही. ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर वारा सांगितला असेल तर झोप पुरी करावी. अवकाळी पावसाच्या सरीनंतरची पहिली निरभ्र रात्र विशेष आशेची. गावाजवळून जाताना चुलींचा धूर सरळ वर न चढता छपरांच्या उंचीवर आडवा पसरलेला दिसला तर समजावे की खालची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडून पडली आहे, आणि पाणी निश्चल असणार.

होळीच्या सुमारास आणि पुढे उन्हाळ्यात जे धूसर दिसते ते धुके नसून धूळ आणि धूर असतो. त्याने डोंगर पिवळट, मळका दिसतो आणि प्रतिबिंबात काही जीव राहत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस, तळे भरलेले असताना, डोंगराच्या कमरेला ढग बिलगतात; ते दृश्य देखणे असते, पण ते डोंगरावरचे ढग, पाण्यावरचे धुके नव्हे, आणि ते सूर्य वर आल्यावरही तासन्‌तास टिकू शकतात. त्याला घाई नाही. थंडीतल्या धुक्याला असते.

पाणी आरसा कधी होते

प्रतिबिंब म्हणजे डोंगराची उलटी नक्कल, असे समजून केलेली चित्रे बहुधा फसतात. पाण्यातला डोंगर वरच्या डोंगरापेक्षा वेगळ्या जागेवरून पाहिलेला असतो. कॅमेरा पाण्याच्या वर एक मीटर असेल तर प्रतिबिंबात जे दिसते ते पाण्याखाली एक मीटरवरून वर पाहिल्यावर जसे दिसेल तसे असते. दूरच्या डोंगराला याने फारसा फरक पडत नाही. जवळच्या वस्तूंना पडतो. काठाशी वाकलेली बाभूळ वरच्या चित्रात शिखराच्या खाली सुटलेली दिसते आणि पाण्यात मात्र शिखरावर आडवी येते. यावर उपाय एकच, कॅमेरा खाली आणायचा. तो पाण्याच्या जितका जवळ, तितकी दोन्ही चित्रे जुळतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती काठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने मोजून पाहावी. पाण्याच्या नेमक्या कोणत्या भागात शिखराचे प्रतिबिंब पडते? मन म्हणते, दूर, डोंगराच्या बाजूला. गणित वेगळे सांगते. शिखर क्षितिजाच्या वर सात अंश असेल, म्हणजे हात लांब करून आडव्या धरलेल्या चार बोटांएवढे, आणि कॅमेरा पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर शिखराचा किरण कॅमेऱ्यापासून केवळ आठ मीटरवरच्या पाण्यावरून उसळतो. दीड मीटर उंची असेल तर बारा मीटरवरून. डोंगराचा खालचा, एक अंश उंचीचा भाग पन्नास-साठ मीटरवरून येतो आणि पायथा त्याहून कितीतरी दूरवरून. थोडक्यात, शिखराचे भवितव्य पायाशी असलेल्या दहा-बारा मीटर पाण्यावर ठरते. तिथे जलपर्णीचा एक झुबका असेल, शेवाळ असेल किंवा टिबुकलीने बुडी मारून वर्तुळे सोडली असतील तर पलीकडचे सगळे तळे काचेसारखे असूनही शिखर पाण्यात उमटत नाही. उलट मधल्या पाण्यावर वाऱ्याची शिरशिरी असली तरी काठाच्या आडोशाचे पाणी स्थिर असेल तर शिखर सुरक्षित राहते. तुटतो तो पायथा, आणि तो तसाही धुक्यात गेलेला असतो. म्हणून जागा निवडताना डोंगराकडे पाहण्याआधी पुढ्यातले पाणी पाहावे.

लाटेचे गणितही असेच निष्ठुर आहे. पाण्याचा पृष्ठभाग एक अंशाने कलला की उसळणारा किरण दोन अंशांनी वळतो. पावागडाची सगळी उंचीच सात अंशांची. तेव्हा डोळ्याला न जाणवणारी झुळूकही प्रतिबिंबाचे तुकडे करू शकते. पहाटे हवा स्थिर असते कारण जमिनीलगतची थंड, जड हवा वरच्या वाऱ्यापासून तुटलेली असते. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली की हवेची उलथापालथ सुरू होते आणि वारा खाली उतरतो. सूर्योदयानंतर साधारण अर्धा-पाऊण तास ही स्थिरता टिकते, कधी त्याहूनही कमी.

प्रतिबिंब अंधारे का दिसते, याचेही मोजमाप करता येते. पाणी आपल्यावर पडणारा सगळा प्रकाश परत देत नाही. अगदी आडव्या येणाऱ्या किरणांपैकी जवळजवळ सगळा परततो; सात अंशांच्या कोनाने येणाऱ्यापैकी निम्म्याच्या आसपास; वीस अंशांनी येणाऱ्यापैकी जेमतेम सातवा-आठवा हिस्सा; आणि सरळ डोक्यावरून येणाऱ्यापैकी शंभरात दोन भाग. बाकीचा पाण्यात शिरतो. म्हणून पाण्यातल्या पावागडाचे शिखर खऱ्या शिखरापेक्षा एका स्टॉपने अंधारे असते, पायथ्याशी दोन्ही जवळजवळ सारखे असतात, आणि त्याहून जवळच्या पाण्यात, जिथे वरचे आकाश उमटायला हवे, तिथे पाणी काळपट होत जाते. चौकटीच्या खालच्या कडेला आपोआप येणारी ही काळोखी चित्राला बैठक देते. ती घालवण्याचा खटाटोप करू नये.

पोलरायझिंग फिल्टर अनेक जण सवयीने लावून येतात. त्याचे कामच पाण्यावरची चमक मारण्याचे आहे. पाण्याकडे साधारण ३७ अंश खाली पाहताना तो सर्वांत प्रभावी ठरतो, आणि सपाट कोनातही त्याने प्रतिबिंब थोडे मंदावते. इथे तो पिशवीत राहिला तरी काही बिघडत नाही.

सूर्याच्या आधीचा अर्धा तास

जानेवारीच्या मध्यात बडोद्याकडे सूर्य सव्वासातच्या थोडा नंतर उगवतो. काठावर साडेसहाला उभे असायला हवे, कारण या चित्रातले चांगले क्षण सूर्य दिसण्याआधीच सुरू होतात. कॅमेरा पश्चिमेकडे वळलेला असल्याने पूर्वेकडे तोंड करून बसणाऱ्यांना न दिसणारी एक गोष्ट समोर असते. सूर्योदयाआधी वीसेक मिनिटे पश्चिम क्षितिजावर करड्या निळ्या रंगाचा एक पट्टा दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा. निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. गुलाबी पट्टा म्हणजे तिच्या वरच्या हवेला मिळालेला, लांबचा प्रवास करून तांबडा झालेला उजेड. सूर्य जसा वर येतो तशी ही सावली खाली उतरत क्षितिजाआड जाते. थंडीत हे दोन्ही पट्टे डोंगराच्या उजवीकडे, वायव्येला अधिक ठळक असतात, तेव्हा चौकट त्या बाजूला थोडी मोकळी ठेवावी.

मग ऊन येते, आणि ते वरून येते. पावागडाचे शिखर आसपासच्या जमिनीच्या साडेसहाशे-सातशे मीटर वर असल्याने त्याला सूर्य तळ्याकाठच्या माणसाआधी सुमारे चार मिनिटे दिसतो. शिखरावरचे कालिकामातेचे मंदिर आणि त्याभोवतीचा कातळ तांबूस होतो, खाली सगळे अजून निळे असते, पाण्यावर धुके निळे-पांढरे असते. गरम आणि थंड रंग एकाच चौकटीत येण्याचा हा काळ एवढाच. नंतर उजेडाची रेघ उतारावरून खाली सरकते, शेवटी धुक्याला लागते आणि धुके सोनेरी होते. तोवर डोंगरावरचा लाल रंग पिवळटावर गेलेला असतो. यातले कोणते चित्र सरस हा आवडीचा प्रश्न. पण चार मिनिटे ही चारच असतात, आणि तेव्हा लेन्स बदलत बसण्यात अर्थ नाही.

लेन्सचा निर्णय म्हणूनच आदल्या रात्री झालेला असावा. डोंगर सात अंश, त्याचे प्रतिबिंब सात अंश, मिळून चौदा. आडव्या धरलेल्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स उभ्या दिशेने सोळा अंश पाहते. शिखर आणि त्याचे प्रतिबिंब तिच्यात नेमके बसते. ५० मिलिमीटरमध्ये डोंगराचे खांदे, धुक्याचा पट्टा आणि थोडे आकाशही येते. रुंद लेन्सचा मोह मात्र आवरावा. २४ मिलिमीटरमध्ये डोंगर आणि प्रतिबिंब मिळून चौकटीच्या उंचीचा चौथा हिस्साही धड व्यापत नाहीत, आणि घरी आल्यावर चित्रात पावागड शोधावा लागतो. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण इतकीच रुंद असते; ज्या फोनमध्ये तिप्पट झूमची वेगळी लेन्स आहे त्यात ती वापरावी.

ट्रायपॉड लागतोच. तळ्याकाठचा चिखल मऊ असतो आणि दहा मिनिटांत एखादा पाय बोटभर खचतो. क्षितिज वाकडे झाले आहे हे प्रतिबिंबाच्या चित्रात चटकन कळते, कारण डोंगराचे टोक आणि त्याचे पाण्यातले टोक एका उभ्या रेषेत राहत नाहीत. पायांखाली चपटे दगड ठेवावेत. आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. सूर्योदयाआधी वीस मिनिटे शटर अर्धा ते एक सेकंद उघडे राहील, सूर्य येता येता सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागावर येईल. पाण्यावर बारीक लहर असेल तर लांब शटरने ती पुसली जाते, पण प्रतिबिंबाच्या कडाही उभ्या दिशेने ओघळतात. छोट्या शटरने कडा राहतात आणि डोंगराचे आडवे काप दिसतात. मधला मार्ग नाही. दोन्ही घेऊन ठेवावेत.

फोकसची एक चूक सर्रास होते. पाण्यात दिसतो म्हणून डोंगर पाण्याच्या पृष्ठभागावर आहे असे वाटते आणि फोकस समोरच्या पाण्यावर जातो. प्रतिबिंबाचे अंतर खऱ्या डोंगराएवढेच, किंबहुना पाण्यापर्यंतचे अंतर धरून मोजलेले. फोकस डोंगरावरच करायचा. धुक्यात स्वयंचलित फोकस चाचपडत राहतो. तेव्हा मंदिराच्या शिखरासारखी एखादी करकरीत कडा स्क्रीनवर मोठी करून हाताने फोकस लावावा आणि नंतर त्याला हात लावू नये.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सगळे जग करड्या रंगाचे धरून चालतो. चौकट धुक्याने भरलेली असेल तर तो त्या पांढऱ्याला करडे करून टाकतो आणि चित्र मळकट येते. धुके जास्त असेल तर अर्धा ते एक स्टॉप वाढवावा, आणि उजेड शिखरावर पडताच पुन्हा कमी करावा, नाहीतर मंदिराभोवतीचा तांबूस रंग पांढरा पडतो. व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवला तर कॅमेरा पहाटेचा निळा आणि गुलाबी दोन्ही दुरुस्त करून टाकतो, म्हणजे ज्यासाठी पहाटे उठले तेच घालवतो. तो दिवसाच्या उजेडावर पक्का करावा. रॉ फाइल घ्यावी.

उघड्यावर थंड झालेल्या लेन्सच्या काचेवर दव धरते, आणि ते इतके हळू धरते की चार-पाच चित्रे झाल्यावर लक्षात येते. लेन्सचे झाकण शेवटच्या क्षणी काढावे, हूड लावावा, खिशात सुती फडके असावे.

वरचे आणि खालचे यांच्यातला उजेडाचा फरक हा छायाचित्रणातला जुना प्रश्न. पहिल्या काळात निगेटिव्ह म्हणून वापरल्या जाणाऱ्या काचांना निळा रंग भलताच लवकर लागे. जमिनीपुरता उजेड दिला की आकाश पार पांढरे होऊन जाई. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या काचा घेऊन एकाच कागदावर छापायला सुरुवात केली ती याच अडचणीतून. बडोद्यालाही या काचांची ओळख लवकर झाली. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात जे तरुण शिकले त्यांत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके होते. चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया त्यांनी इथे हाताळल्या. पुढे त्यांनी व्यवसायाने छायाचित्रकार व्हायचे ठरवले तेव्हा स्टुडिओसाठी गाव निवडले ते गोध्रा, म्हणजे पावागड ज्या पंचमहालात आहे त्याच जिल्ह्याचे ठाणे. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावल्यावर ते गोध्रा सोडून बडोद्याला परतले. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत त्यांना धंद्यात आडवी आली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. चांपानेरच्या मशिदींची चित्रे आणि आराखडे जेम्स बर्जेस यांच्या १८९६ च्या ग्रंथात छापले गेले. तिथे लक्ष कमानी आणि कोरीवकामावर आहे, डोंगर पार्श्वभूमीपुरता. १९५० मध्ये सुरू झालेल्या बडोद्याच्या ललितकला विभागाभोवती ज्योती भट्ट, राघव कनेरिया यांच्यासारख्या छायाचित्रकारांचे काम उभे राहिले तेही प्रामुख्याने माणसांचे, गावांचे, लोककलेचे. निसर्गदृश्याची परंपरा या शहरात तुलनेने बारीकच राहिली.

आज तोच प्रश्न तीन प्रकारे सुटतो. वर गडद आणि खाली पारदर्शक असलेला एका स्टॉपचा फिल्टर लावता येतो. तो एकाच स्टॉपचा असावा, कारण पाण्याने घेतलेला उजेडही तेवढाच. दुसरा मार्ग, दोन वेगवेगळ्या उजेडांत चित्रे घेऊन नंतर जोडण्याचा. धुके हलत असेल तर जोडावर ते फाटते. तिसरा आणि बहुतेक वेळा पुरेसा, रॉ फाइलमध्ये खालचा भाग थोडा उचलण्याचा. मोबाइल हे सगळे न विचारता करतो, आणि जास्त करतो. एचडीआर बंद करून, डोंगरावर बोट दाबून उजेड पक्का केला तर त्याचा उत्साह थोडा आवरतो.

क्षितिज मधोमध नको, हा नियम पहिल्याच धड्यात शिकवला जातो. पूर्ण स्थिर पाण्यात तो खुशाल मोडावा. सममिती हाच तिथला विषय आहे. धुक्याचा पट्टा जाड असेल तर मात्र क्षितिज नावाची रेषाच उरत नाही, दोन डोंगर आणि मध्ये एक पांढरी पट्टी उरते. ती पट्टी मध्याच्या जरा वर बसवली तर पाण्याला जागा मिळते आणि जवळची काळोखी चौकटीत येते. पुढ्यातली नाव किंवा पाण्यातले खोड उपयोगी पडते, पण ते शिखराच्या प्रतिबिंबावर येत नाही ना, हे आठ मीटरच्या हिशेबाने आधी पाहून घ्यावे.

दुसरे तळे, दुसरी बाजू

हाच डोंगर उलट्या बाजूने पाहायचा असेल तर आजव्याचे सयाजी सरोवर आहे. बडोदे शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी सयाजीरावांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधले. इथून पावागड ईशान्येला साधारण पंधरा किलोमीटरवर दिसतो, म्हणजे उजेडाचा सगळा हिशेब फिरतो. डिसेंबरमध्ये सूर्य डोंगराच्या बराच उजवीकडे उगवतो. डोंगराची उजवी कड उजळते आणि बाकीचा निळसर छायेत राहतो. सूर्याच्या बाजूचे धुके डोळे दिपवणारे असते, कारण धुक्याचे थेंब प्रकाश पुढच्या दिशेने जास्त फेकतात. मे-जूनमध्ये सूर्य शिखराच्या बराच जवळ येतो आणि निव्वळ काळी आकृती मिळते, धुक्याविना.

अंतर तिप्पट असल्याने डोंगर इथे अडीच-एक अंशांचाच आहे. त्याला २०० मिलिमीटरची लेन्स लागते. पण इतक्या सपाट कोनात पाणी तीनचतुर्थांश प्रकाश परत देते, त्यामुळे प्रतिबिंब खऱ्या डोंगराच्या जवळपास तोलाचे उजळ येते आणि कसला फिल्टर लागत नाही. बांधासारख्या उंच जागेवरून ते पन्नास-शंभर मीटरवरच्या पाण्यात पडते, तेव्हा तिथली लहर पाहावी. पावागडावरच उगम पावणारी विश्वामित्री पुढे बडोद्यातून वाहते आणि तिच्यातल्या मगरी प्रसिद्धच आहेत. आजव्याच्या पाण्यातही त्या आहेत. कॅमेरा खाली आणण्याचा वर दिलेला सल्ला इथे लागू नाही. अंधारात पाण्याच्या कडेला बसू नये.

घरी चित्र पाहताना पहिली तपासणी उजेडाची करावी. पाण्यातला डोंगर वरच्यापेक्षा उजळ दिसत असेल तर संगणकावर हात जास्त चालला आहे. निसर्गात तसे होत नाही. खालचा भाग उचलायचा तो अर्ध्या स्टॉपपर्यंत. धुक्यातला काळा रंग पूर्ण काळा करण्यासाठी कॉन्ट्रास्ट वाढवला की धुके नाहीसे होते, आणि 'डीहेझ' नावाची पट्टी तर नेमकी त्याचसाठी बनवलेली आहे. ती डोंगराच्या वरच्या भागापुरती, तीही थोडीच, वापरावी. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पांढऱ्या पट्टीत ठळक दिसतात. ते पुसताना पाण्यातले पक्षी पुसले जात नाहीत ना, हे चित्र शंभर टक्के मोठे करून पाहावे. छपाईला मॅट कागद घ्यावा. चकचकीत कागदावर धुक्याच्या फिकट छटा खोलीतल्या दिव्याच्या चमकेत हरवतात, आणि या चित्रात बहुतेक छटा फिकटच असतात.